पन्नीखालचं तांबं

जन्मभर मी पायपांना रजया घातल्या. ऊर्जानगरच्या पॉवर हाउसात ठेकेदाराकडे लॅगिंगचं काम होतं माझं. वाफेचा पाइप असतो, त्याच्यावर दगडी लोकर गुंडाळायची, तारेनं आवळायची, वरून अॅल्युमिनियमचा पत्रा चढवून रिबिटा मारायच्या. आतली गरमी आतच राहिली पाहिजे, एवढंच ते काम. ती लोकर अंगाला लागली की खाजते आणि छातीत गेली की खोकला देते. काम सुटलं तशी खाज गेली. खोकला राहिला.

तर असा मी गरमी कोंडणारा माणूस. मागच्या मे महिन्यात माझ्यावर गरमी बाहेर काढायची पाळी आली. तीही एका हातभर डब्यातली.

पोरगी आमची एकच. आयटीआयला ड्राफ्ट्समन शिकली. कम्प्युटरवर पायपांची चित्रं काढते, अशी की वाटतं हात घालून पाइप उचलावा. नागपूरच्या एका ऑफिसानं तिची परीक्षा ठेवली होती. घरी बसूनच द्यायची, सकाळी दहा ते एक. ते अर्धा नकाशा पाठवणार, हिनं तो पुरा करून परत पाठवायचा. तिन्ही तास कॅमेरा चालू. तिकडे बसलेला माणूस बघणार, आवाज ऐकणार. खोलीत दुसरं कोणी दिसलं की परीक्षा खलास. मशीन मधेच बंद पडली तरी खलास. दुसरा मौका नाही, असं त्यांनी साफ लिहिलं होतं.

आणि आमची मशीन बंद पडत होती.

ती जुनी, एका ऑफिसातून निघालेली. बायकोनं हट्ट करून आणली होती. नुसतं टायपिंग केलं तर दिवसभर चालते. पण पायपाचं चित्र गोल फिरवायला लावलं की पंखा बोंबलायला लागतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात गरमीचा आकडा दिसतो, तो शंभराला टेकला की मशीन आपल्या मनानं पटकन बंद. पोरीनं मला समजावलं. आत प्रोसेसर म्हणून चिप असते, तेच त्याचं डोकं. ते तापतं. त्याच्यावर पातळ पात्यांचा एक ठोकळा आणि पंखा बसवतात, तो डोक्याची गरमी ओढून हवेत सोडतो. हीटसिंक म्हणतात. कंपनीतून आलेला ठोकळा चहाच्या बशीएवढा होता. चंद्रपुरात मे महिन्यात माणसाचंच डोकं चालत नाही, बशीएवढ्या ठोकळ्यानं त्याचं काय चालणार? म्हणून तिनं बाहेरचा मोठा हीटसिंक मागवला. तो परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी चारला आला.

मी तो हातात घेतला आणि मला आवडला. खाली तांब्याचा ठोकळा, त्यातून चार तांब्याच्या नळ्या वर गेलेल्या, नळ्यांवर अॅल्युमिनियमची पन्नास-साठ पाती, बाजूला पंखा. मी विचारलं, नळ्या भरीव आहेत का?

"नाई बाबा, पोकळ हाय. आत थेंबभर पाणी रायते. खाली तापलं का त्याची वाफ होते, वर जाते, थंडी होते, पाणी होऊन खाली येते."

"मंग हे तं आपलं पॉवर हाउसच हाय," मी म्हटलं. "मुठीतलं."

ती हसली. आई गेल्यापासून ती माझ्यासमोर फार हसत नव्हती.

पण तो ठोकळा उंच निघाला. मशीनच्या डब्यात उभा धरला तर बाजूचं झाकण लागेना. झाकण उघडं ठेवलं तर गरम हवा तिथंच फिरणार आणि पंखा तीच परत ओढणार, एवढं मलाही कळत होतं. घरी लॅगिंगचा उरलेला पत्रा होता. मी माप घेतलं, पत्रा कात्रीनं कापला, गुडघ्यावर वाकवला आणि ठोकळ्याच्या मागच्या अंगाला बसेल असं एक धुराडं केलं. गरम हवा त्यातून टेबलाखाली मागच्या भिंतीकडे निघून जाईल. रिबिटा मारायच्या राहिल्या आणि वारा सुटला. वाऱ्यानं विजेची लाइन पडली ती सकाळपर्यंत आली नाही.

इथं मला बायकोबद्दल लिहावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या घरासमोरून कोळशाचे ट्रक जातात. सकाळी पुसलेलं दुपारी काळं. म्हणून तिनं घरात एक नियम केला होता, नव्या वस्तूवरची प्लास्टिकची पन्नी काढायची नाही. टीव्हीचा रिमोट पन्नीत. फ्रिजच्या दरवाज्यावर पन्नी. भिंतीवरचं घड्याळ पन्नीत, वेळ बघायची तर डोळे बारीक करावे लागत. माझ्या सायकलच्या दांडीची पन्नी सायकल विकेपर्यंत निघाली नाही. मी म्हणायचो, "मलेही घालून ठेव एखाद्या पन्नीत."

"तुमी कुठी नवे राह्यले आता?" ती म्हणायची.

ती त्याआधीच्या थंडीत गेली. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात एका दुपारी पोरगी गोळ्या आणायला खाली गेली तेव्हा ती मला म्हणाली, "पोरीले अडवू नोका. जाऊ द्या तिले." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नर्स आली. बोलणं राहून गेलं. चौथ्या दिवशी ती गेली.

घरी आणल्यावर बायांनी नवी साडी मागितली. तिच्या पेटीत एक हिरवी होती, दुकानाच्या पन्नीतच. माझ्या हातानं ती पन्नी फाटेना. शेवटी दातानं फाडली. त्यानंतर मी घरातल्या कुठल्याच वस्तूची पन्नी काढली नाही. ठरवून नाही. हात जात नव्हता.

आणि अडवू नका म्हटलेलं मी पोरीला सांगितलं नाही. उलट, परीक्षेचं पत्र आलं तेव्हा म्हटलं, "नागपूरले काय ठेवलं हाय? इथीच पाह्य काही." एकदा नाही, तीन-चारदा म्हटलं. हे लक्षात ठेवा.

परीक्षेच्या सकाळी साडेसहाला लाइन आली. आम्ही डबा आडवा पाडला. जुना ठोकळा काढला. त्याच्याखालची पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती, ती स्पिरिटनं पुसली. मग पोरीनं बोर्डाच्या मागून एक पट्टी धरली. नव्या ठोकळ्याचे चार स्क्रू त्या पट्टीत बसतात आणि पट्टी सोडली की पडते, म्हणून तिचे दोन्ही हात मागं अडकलेले. पुढचं काम माझं.

"बाबा, पेस्ट चिपवर वटाण्याएवढीच लावा. ठोकळ्यात अन् चिपमध्ये हवा रायली नाई पायजे, तेवढ्यासाठी रायते थे."

मी आख्खी ट्यूब पिळली. बेअरिंगला ग्रीस भरताना हात आखडायचा नसतो, हे माझ्या हाताला माहीत होतं, वटाणा माहीत नव्हता. मग ठोकळा उलटा केला. तांब्यावर निळसर पातळ पन्नी चिकटवलेली होती, तिच्यावर लाल इंग्रजी अक्षरं. माझं इंग्रजी खांबावरच्या 'डेंजर'पुरतं. पन्नीचं एक टोक उचललेलं होतं. मी ते बघितलं. माझं बोट त्या टोकापर्यंत गेलं आणि थांबलं. मी टोक अंगठ्यानं दाबून परत चिकटवलं आणि ठोकळा चिपवर ठेवला.

स्क्रू मात्र मी चांगले आवळले. पायपाच्या जोडाचे, फ्लँजचे बोल्ट जसे, एक इकडचा तर दुसरा त्याच्या समोरचा, थोडा थोडा, चारही बरोबरीनं.

"हे तुमाले कोनं शिकवलं?" पोरीनं मागून विचारलं.

"वाफेनं. एका बाजूनं आवळलं का दुसऱ्या बाजूनं तोंडावर येते."

सव्वाआठला मशीन चालू केली. पोरीनं मोठ्या पायपाचं चित्र गोल फिरवायला लावलं. कोपऱ्यातला आकडा सत्तर झाला. ऐंशी झाला. ती म्हणाली, थांबेल. नव्वद झाला. पंखा बोंबलायला लागला. सत्त्याण्णव. मी तिच्या खांद्यामागं उभा होतो, तिची मान मला दिसत होती, मानेवर घाम. मग स्क्रीन काळी झाली.

दारात शेजारचा भाऊ उभा होता. हा बॉयलरवर होता, माझा जुना जोडीदार. त्याला सकाळीच भोंग्यासारखं बोलायची सवय.

"काय भाऊ! सारी उमर गरम ठेवासाठी गेली तुही, अन् आता थंडं करून राह्यला? झालं का थंडं?"

"थंडं झालं," मी म्हटलं. "पार मेलं."

त्यानं काळी स्क्रीन बघितली, पोरीकडे बघितलं. मग म्हणाला, "बाई, माह्या भाच्याचा लॅपटॉप आनू का? राजुऱ्याले हाय."

"दहा वाजता परीक्षा हाय काका," ती म्हणाली. "अन् त्याच्यात हे चालत नाई."

ती खाली बसली आणि चारही स्क्रू परत सोडवायला लागली. स्क्रू ड्रायव्हर दोनदा घसरला. ठोकळा उचलला तेव्हा त्याच्या पोटावर निळी पन्नी होती, तापून मधोमध सुरकुतलेली, वरून सगळी पेस्ट.

मला एका क्षणात कळलं. मी त्या डोक्याचं लॅगिंग केलं होतं.

"बाबा, हे काय हाय?"

तिनं नखानं पन्नीचं टोक उचललं.

"पन्नी काऊन नाई काढली? याच्यावर लिवलं हाय, काढून मंगच बसवा म्हून!"

"मले वाचता येते का थे?"

"पन दिसली तं असन ना? का दिसलीच नाई?"

खोटं बोलणं सोपं होतं. म्हातारे डोळे आहेत म्हणायचं. मी म्हटलं, "दिसली."

तिनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "तुमाले मी जायले नोको हाय. म्हून ठेवली."

शेजारचा भाऊ चप्पल न घालताच बाहेर निघून गेला.

मी रागावलो नाही. रागवायला माणूस साफ असावा लागतो. स्क्रीन काळी झाली तेव्हा माझ्या मनात कुठंतरी, एवढंसंच, आलं होतं की आता ही जाणार नाही. ते आलं हे मी कबूल करतो. पण पन्नी मी त्यासाठी ठेवली नव्हती. हे तिला कसं सांगू? हिरव्या साडीची गोष्ट सांगायला तोंड उघडलं असतं तर ती सकाळ तिथंच संपली असती. मी फक्त टीव्हीवरचा रिमोट उचलला आणि तिच्या समोर जमिनीवर ठेवला. पन्नीत गुंडाळलेला, आकडे घासून पुसट झालेले, तरी पन्नी तशीच.

तिनं रिमोटकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही, रडायला वेळ नव्हता. घड्याळात नऊला वीस कमी दिसत होते, पन्नीतून.

"पेस्ट संपली ना?" तिनं विचारलं.

"सारी तीच हाय. पन्नीवर."

"चंद्रपुरात दुकान अकराशिवाय उघडत नाई."

मी माझ्या दाढीचं नवं ब्लेड आणलं. पोरीनं ठोकळ्यावरून सोलून काढलेली पन्नी ताटावर पसरली आणि तिच्यावरची पेस्ट ब्लेडनं गोळा करायला लागलो. पोरीनं पन्नीची दोन टोकं धरली. ब्लेड पन्नीत रुतलं तर पन्नीचा कपटा पेस्टमध्ये यायचा आणि मग पुन्हा तेच. माझा हात आता थरथरतो. चमचा तोंडाशी नेताना थरथरतो. त्या दिवशी मी मनगट ताटाच्या कडेला टेकवलं, श्वास धरला आणि एकेक ओढ घेतली. चार ओढींत वटाणा जमला. तिनंच तो चिपवर ठेवला. ठोकळा मी उलटा करून तिला दाखवला. पन्नीखालचं तांबं आरशासारखं होतं, त्यात माझी दाढी दिसली.

"साफ हाय?" मी विचारलं.

"साफ हाय."

परत पट्टी, परत चार स्क्रू, समोरासमोर. नऊ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. चित्र फिरवलं. साठ. अडुसष्ट. एकाहत्तर. चौऱ्याहत्तर. आम्ही दोघं त्या आकड्याकडे असे बघत होतो जसं दवाखान्यात त्या दुसऱ्या मशीनकडे बघत होतो. चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तर. थांबला.

पण माझं धुराडं वाजायला लागलं. रिबिटा राहिल्या होत्या ना. हवेच्या जोरानं पत्रा डब्याला लागून किर्रर्र करत होता. काढून ठेवलं तर आकडा चढून ब्याऐंशी आणि तिथून वर. हातानं दाबून धरलं तर आवाज बंद. रिबिटा मारायला सगळं सोडावं लागलं असतं. दहाला दहा मिनिटं होती.

"मी धरतो," म्हटलं आणि टेबलाखाली शिरलो.

"बाबा, खोलीत कोणी चालत नाई!"

"तुले काय सांगनार हाय मी? पायपाचा नकाशा?"

नियमात बसत नव्हतं, मला माहीत आहे. तिनं टेबलावरून जुनी चादर पुढं सोडली आणि खुर्चीवर बसली.

आता मला तिचे फक्त पाय दिसत होते. तिच्या आईसारखे, अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब. मी भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, एका हातानं पत्रा दाबून धरला. दुसरा तळवा धुराड्याच्या तोंडाशी ठेवला. पॉवर हाउसात मी असाच पायपावरून तळवा फिरवून सांगायचो, लॅगिंग कुठं फाटलंय. तिथं गरमी लागली की ती बिघाडाची खूण. इथं उलटं. हवा गरम येत राहिली पाहिजे. हवा गरम म्हणजे डोकं गरमी सोडतंय. गार पडली तर समजायचं, मेलं.

पहिला तास बरा गेला. हवा गरम, पाय हलके. मग बाहेर भंगारवाल्याचा भोंगा आला, लोखंड, टिनटप्पर, जुनी बॅटरी. तिचा पाय ताठ झाला. भोंगा एकदम मधेच तुटला आणि शेजारच्या भावाचा आवाज, आयुष्यात पहिल्यांदा दबका, ऐकू आला, "अबे, पुढं जा ना बाप्पा! इथी परीक्षा हाय!" म्हणजे तो तेव्हापासून दाराशीच बसला होता.

दुसऱ्या तासात माझा खोकला आला. तो छातीच्या तळातून येतो, आधी कळतं. मी खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं, जेवढं मावेल तेवढं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. पत्रा सोडला असता तर आवाज, खोकलो असतो तर आवाज. तिचा उजवा पाय माझ्या गुडघ्याला येऊन लागला. तसाच दाबून राहिला. तिनं वरून काही बघितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. खोकला आतल्या आत दोनदा फुटला आणि बसला.

मग हवा गार झाली.

पंख्याचा आवाज उतरला, तळव्यावर काही नाही. मला वाटलं, गेली. बारा वाजले असतील, साडेबारा, मला काय दिसत होतं? मी तिच्या पायांकडे बघितलं. ती उठेल, खुर्ची सरकेल, ती रडेल. पाय हलेना. मी तळवा आणखी आत घातला. गार. बायकोचा हात धरला होता तेव्हाही मी असाच तपासत राहिलो होतो, नर्सनं सांगितल्यावरही.

मग वर माउस कटकटला. पंखा चढला आणि गरम झोत तळव्यावर आला, असा की मी हात मागं घेतला. ती वाचत थांबली होती, बस. वाचताना डोकं तापत नाही त्या मशीनचं. माणसाचं तापतं.

एक वाजता तिचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट पडले. "गेली फाइल," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही, कॅमेऱ्याला की मला. थोड्या वेळानं चादर वर झाली. माझे पाय मेले होते, तिनं काखेत हात घालून मला ओढलं. मी बाहेर येऊन मन भरून खोकलो.

"सकाळी मी जे बोलली..." तिनं सुरुवात केली.

"थे असू दे. माह्यं आयक आधी." मी जमिनीवरच बसलो होतो. "तुह्या आईनं मले दवाखान्यात सांगतलं होतं, पोरीले अडवू नोका, जाऊ द्या तिले. मी तुले सांगतलं नाई."

"मंग आता काऊन सांगून राह्यले?"

"आता सांगतो. पन्नी काढली म्हून समज."

ती आत गेली, पाणी आणलं, मला दिलं आणि माझा तळवा उलटा करून बघितला, भाजला आहे का. भाजला नव्हता. तिला साडीचं मी तेव्हाही सांगितलं नाही. ते इथं लिहिलं आहे, वाचेल तेव्हा वाचेल.

तिला नागपूरला घेतलं. मशीन ती सोबत घेऊन गेली. मी धुराड्याला रिबिटा मारून दिल्या, नीट, बारा. बसच्या धुळीत खराब होऊ नये म्हणून सगळा डबा पन्नीत गुंडाळला आणि बस सुटताना खिडकीखालून ओरडलो, पोचल्यावर पन्नी काढजो, नाईतर परत तेच.

संध्याकाळी तिचा फोन आला. मी आधी तेच विचारलं.

"काढली बाबा. चालू पन केली. एकाहत्तर हाय."

"जेवली?"

"जेवली."

फोन ठेवून मी वेळ बघायला डोळे बारीक केले. दिसेना. स्टूल घेतलं, चढलो आणि घड्याळाची पन्नी काढली. आत काच अजून नवी होती. रिमोटची तेवढी राहू दिली.